प्लायवुडचं माहेर

प्रवासाला निघण्यापूर्वीच त्याचं वर्णन लिहून देण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली. २०१७ साली भिंतींचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीला वारली चित्रांवर बारा मिनिटांचा माहितीपट हवा होता. रंगाच्या कंपनीला तांदळाच्या पिठाचं इतकं कौतुक कशासाठी, हे मी विचारलं नाही. मी ग्रंथालयातून निवृत्त झालेली बाई आहे, आणि निवृत्त माणसाला कोणी काहीही विचारलं की तोंडातून आधी ‘हो’ बाहेर पडतं. निवेदन मी पुण्यात पंख्याखाली बसून, चार पुस्तकं समोर ठेवून लिहिलं. त्यात ‘काळाच्या ओघात हरवत चाललेली ही आदिम रेषा’ असं एक वाक्य होतं. ते कंपनीला इतकं आवडलं, की निवेदन पहिल्या फटक्यात मंजूर झालं.

त्यामुळे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही डहाणू-तलासरीकडे निघालो तेव्हा काम अगदी सरळ होतं. मंजूर झालेल्या निवेदनाला जुळेल असं वास्तव शोधायचं आणि त्याचं चित्रीकरण करायचं.

आम्ही म्हणजे दिग्दर्शक निनाद, एक कॅमेरामन, एक आवाज घेणारा, मी आणि दोन सुतार. माहितीपटाला सुतार कशाला, असं मला गाडीत वाटलं होतं. निनाद मुंबईचा, पस्तिशीचा, राखलेल्या दाढीचा आणि मनाने खरंच चांगला मुलगा. त्याची एकच अडचण होती. ‘ऑथेंटिक’ हा शब्द उच्चारला की त्याचे डोळे मिटत, आणि मग समोरचं त्याला दिसत नसे.

चारोटी

चारोटीला महामार्गाच्या कडेला एका खाणावळीत आम्हांला वैशाली भेटली. पाड्यावरची सगळी व्यवस्था तीच बघणार होती. वय सव्वीस, तलासरीच्या एका दवाखान्यात कामाला, अंगात जीन्स आणि पिवळा कुडता. पहिल्या पाच मिनिटांत ती वेटरशी गुजरातीत, आमच्याशी मराठीत, गाडी आडवी लावलेल्या ट्रकवाल्याशी हिंदीत आणि फोनवर आईशी वारलीत बोलली. चारही भाषांत ती रागावलेलीच वाटत होती, पण तो तिचा नेहमीचा आवाज होता.

निनादने तिला माझ्या निवेदनाची प्रत दिली. शेव-उसळ खाता खाता तिने ती वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“मॅडम, हे काय हरवलंय?”

“रेषा,” मी म्हणाले.

“कोणाची?”

“म्हणजे... तुमची.”

“आमच्याकडे तर नाय हरवली. माझी काकी काढते, आत्या काढते, मी शाळेच्या भिंतीवर काढलीय. तुमच्याकडे हरवली असेल तर शोधा.” आणि तिने उरलेल्या रश्शात पाव बुडवला.

विषय बदलावा म्हणून मी पुणेकर बाईने विचारावा तोच प्रश्न विचारला. लग्न झालं का?

“ठरलंय. मुलगा उधवा गावचा. पण अडलंय.”

“कशानं?”

“आईबाबांचं व्हायचंय अजून.”

माझा चहा नाकात गेला. वैशालीने अगदी सावकाश, दवाखान्यात पेशंटला समजावतात तसं समजावलं. त्यांच्यात माणसं आधी एकत्र राहायला लागतात, संसार करतात, मुलंबाळं होतात. त्यात लपवण्यासारखं काही नसतं. लग्न सवडीने लावतात. मात्र आईबापांचं लागल्याशिवाय मुलांचं लागत नाही. तिच्या आईबाबांचं तीस वर्षं राहिलं होतं. एका वर्षी घराला सिमेंट केलं, एका वर्षी बैल मेला, एका वर्षी बाप म्हणाला, “औंदा ऊन लय हाय.” आता उधव्याची माणसं म्हणत होती, की पावसाआधी काय ते बोला, नाहीतर मुलाला दुसरीकडे बघतो.

“आणि बाबा काय म्हणतात?”

“म्हणतात, या वयात हळद लावून बसलो तर लोक हसतील. मॅडम, मी ह्याच्यासाठी उधव्याचा पोरगा सोडू काय?”

पुण्यात मुलींची लग्नं अडण्याची कारणं मी पुष्कळ ऐकली आहेत. पत्रिका, उंची, एक मंगळ. आईबापांचं व्हायचंय म्हणून अडलेली मुलगी मी पहिल्यांदाच पाहत होते.

पाडा

तलासरीपासून आत, आंब्यांच्या आणि ताडांच्या मधून रस्ता जातो. सकाळी नऊलाच ऊन असं, की गाडीच्या दाराला हात लावून काढून घ्यावा लागे. पाडा पंधरा-वीस घरांचा. वैशालीचं घर सिमेंटचं, पुढे पत्र्याची पडवी, छपरावर टीव्हीची छत्री, आत कोपऱ्यात फ्रिज. मागच्या खोलीची एक भिंत तेवढी जुन्या कारवीच्या काड्यांची, शेणाने लिंपलेली होती.

निनाद गाडीतून उतरला, सगळ्या घरांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “हे ऑथेंटिक नाहीये.”

मग सुतारांचं कोडं सुटलं. पाड्यात पाडेपण कमी पडलं तर, म्हणून त्याने प्लायवुडची एक झोपडी सुट्या भागांत टेम्पोने आणली होती. दुपारपर्यंत आंब्याखाली ती उभी राहिली. बाहेरून गेरूचा रंग, वर गवत, दाराशी एक मडकं. पाड्यातली माणसं एकेक करून येऊन बघून गेली. एकाने भिंत वाजवून पाहिली. वैशालीचा बाप लाडक्या, वय पन्नास-पंचावन्न, अंगात पांढरा शर्ट आणि पँट, दोनदा प्रदक्षिणा घालून आला आणि त्याने विचारलं, “संडास कुठं काढनार?”

निनादने पिशवीतून एक लंगोटी काढली. ती नेसून लाडक्याने झोपडीच्या दारात बसावं, अशी त्याची कल्पना होती.

“माझे बापाने सोडली ही,” लाडक्या म्हणाला. त्यात राग नव्हता. जुनी ओळखीची वस्तू दिसल्यासारखा तो कापडाकडे बघत होता. “तू घाल. मी फोटो काढतो.”

इथे सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, कलेक्टरलाही. निनादला दिवसभरात कोणी ‘सर’ म्हटलं नाही, वैशाली सोडून. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याची पाठ जरा मोकळी दिसायला लागली, असं मला वाटलं.

तारप्याचंही तसंच झालं. निवेदनात मी ‘तारप्याच्या सुरावर’ असं लिहून बसले होते. भोपळ्याचा आणि बांबूचा तो लांब वाजा शेजारच्या घरात आढ्याला टांगलेला दिसत होता, पण तिथला म्हातारा तो खाली काढायला तयार नव्हता. तारपा नव्या भाताचा, पावसाळा संपताना वाजायचा.

“एकदाच वाजवा,” निनाद म्हणाला. “दोन मिनिटं.”

“दिवालीला ये नि आंब्याला सांग, एकदाच लाग म्हणून,” म्हातारा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

माझ्या निवेदनातला हा दुसरा शब्द गेला. जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण होतं. ते इतकं तिखट होतं की उरलेल्या निवेदनाची काळजी मला काही वेळ आठवली नाही.

कोणाचं लगीन?

माहितीपटाचा मुख्य प्रसंग लग्नचौकाचा होता. भिंतीवर चौकोन, त्याला वेलबुट्टीची किनार, मधे पालघाट देवी, भोवती झाडं, माणसं, वाजंत्री. तो काढायला चार सवाशिणी आणि लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, रमी आली. रमी सत्तरीची, बुटकी, कपाळावर गोंदण. त्यांच्यात लग्न बाईच लावते. तिच्या गाण्याशिवाय लागत नाही. आमच्याकडे बायकांनी पौरोहित्य करावं की नाही यावर परिसंवाद होतात, अध्यक्ष पुरुष असतो. रमीला हे सांगावंसं वाटलं, पण तिला परिसंवाद कसा समजावू ते सुचेना.

ती प्लायवुडच्या झोपडीत शिरली आणि लगेच बाहेर आली.

“ह्या घरात कोणी जलमला नाय, कोणी मेला नाय,” ती म्हणाली. “इथं देवी कोणाकडं येईल?”

निनादने तिला बरंच काही सांगितलं. दृश्यभाषा, जतन, जागतिक प्रेक्षक. वैशालीने ते सगळं ऐकून घेतलं आणि रमीला तीनच शब्दांत सांगितलं. रमी हसली.

“काय सांगितलंस?” मी विचारलं.

“हा लगीन मागतो.”

“बेस. मी काढतो चौक,” रमी म्हणाली; इथल्या बायाही ‘काढतो’च म्हणतात. “पण लगीन कोणाचं?”

“कोणाचंच नाही,” निनाद म्हणाला. “नवरा-नवरी म्हणून दोघं उभी राहतील.”

“मंग?”

“मग काही नाही. घरी जातील.”

“कोणाचे घरी?”

रमीने पडवीत बसून, पान लावत, निनादला शांतपणे सगळं समजावलं. चौक काढला की देवी येते. देवी आली की लग्न लागतं. लग्न लावायचं नसेल तर तिला बोलवायचं नसतं. पाहुण्याला जेवायला बोलवून चूल विझवतं का कोणी?

“तुझं झालं काय लगीन?” तिने मधेच विचारलं.

निनाद जरा गडबडला. तो आणि त्याची मैत्रीण अंधेरीला सहा वर्षं एकत्र राहत होते. मुंबईत ही गोष्ट तो बहुधा हनुवटी वर करून सांगत असावा. इथे त्याने ती तशीच सांगितली. पडवीत कोणी डोळे विस्फारले नाहीत.

“म्हंजे ह्याचंही राहिलंय,” रमी बाकीच्या बायांना म्हणाली, आणि सगळ्यांनी समजून मान हलवली.

तेवढ्यात वैशाली बोलली. “आईबाबांचं लावू.”

सगळ्यांच्या माना पडवीत पंख्याखाली बसलेल्या लाडक्याकडे वळल्या. मग लक्षात आलं, की आज पाड्यातलं प्रत्येक माणूस पडवीत आहे, उधव्याहून वैशालीचा होणारा सासराही ‘शूटिंग बघायला’ आलेला आहे, आणि लाडक्याला बाहेर जायची एकच वाट आहे, तिथे आमचा आवाजवाला टोकाला केसाळ आवरणातला माइक लावलेली लांब काठी धरून उभा आहे. एप्रिलचा दुसरा आठवडा वैशालीनेच सुचवला होता, हेही मला तेव्हाच आठवलं.

लाडक्याने छपराकडे पाहिलं. “औंदा ऊन...”

“पंखा हाय,” होणारा सासरा म्हणाला.

“लोक हसतील.”

“हे मुंबईचे हसतील,” रमी म्हणाली, “तर हसू दे. ते कशालाही हसतात.”

इतका वेळ दाराआड उभी असलेली वैशालीची आई चंदी पुढे आली. उंच, हातात भाकरीचं पीठ. “माना कोणी विचारलं काय?”

तिने हातातलं पीठ पदराला पुसलं.

“मी नाय म्हणत नाय. पण नवरी बाहेरून येते. मी तीस वरसं इथंच राबतो. मी ह्या घरातून निंघून ह्याच घरात येऊ? माझा भाऊ मेला, माहेरचं घर पडलं. मी कुठून येऊ?”

ही अडचण खरी होती, आणि वैशालीच्या आखणीत ती नव्हती. तिचा चेहरा पहिल्यांदाच पडलेला मी पाहिला. होणारा सासरा चपला शोधायला लागला. रमी पान चघळत अंगणाकडे बघत बसली होती. बघता बघता तिची मान थांबली.

आंब्याखाली प्लायवुडची झोपडी उभी होती. गेरू अजून ओला होता.

“ते घर कोणाचं?” रमीने विचारलं.

“आमचं,” निनाद म्हणाला.

“मंग तुमी नवरीकडचे.”

चौक

चौक घरातल्या कारवीच्या भिंतीवर काढायचा ठरला. निनादने फ्रिजवर चटई घातली. चंदीने ती काढली, कारण आत हळद कालवून ठेवली होती आणि सारखी लागत होती.

तांदळाचं ओलं पीठ, टोक चावून मऊ केलेली काडी, आणि चार बायांचे हात. एकही रेघ मोजून घेतलेली नाही, पण किनारीचा शेवटचा त्रिकोण पहिल्या त्रिकोणाला बरोबर येऊन भिडला. त्या सगळा वेळ बोलत होत्या. विषय बोअरवेलचा होता. अमक्याच्या बोअरला पाणी लागलं नाही आणि तमकी कशी म्हणाली होती, वगैरे. माझ्या मंजूर निवेदनात या ठिकाणी ‘ध्यानमग्न’ असा शब्द होता.

चौकाबाहेरच्या वऱ्हाडात एका बाईने डोक्यावर लांब काठी आणि काठीच्या टोकाला केसाळ शेपूट असलेला माणूस काढला. तो आमचा आवाजवाला. त्याच्या मागे एक कुत्रं होतं, कारण पाड्यातलं कुत्रं सकाळपासून त्या शेपटीच्या मागे होतं.

मधली देवी काढून झाल्यावर रमी म्हणाली, “आता झाकायची. गाण्याआधी तोंड नाय बघायचं. नवं कापड हाय काय?”

नवं कापड एकच होतं. निनादचं हिरवं. सिनेमावाले हे कापड मागे धरून चित्र घेतात आणि नंतर त्या हिरव्याच्या जागी हवं ते बसवतात: समुद्र, किल्ला, वाघ. रमीने ते हाताने चोळून पाहिलं, “बेस हाय,” म्हणाली आणि देवीवर टांगलं.

कॅमेरामन हळूच म्हणाला, “सर, याच्या मागे आपण देवी नंतर टाकू शकतो.”

“ती आहे मागे,” निनाद म्हणाला. आणि स्वतःच जरा दचकला.

संध्याकाळी आवाजवाल्याने त्याच्या कामाचा भाग म्हणून सगळ्यांना एक मिनिट स्तब्ध राहायला सांगितलं. जागेचा नुसता आवाज टिपून ठेवावा लागतो म्हणे. पाड्यातली माणसं उठून उभी राहिली, पुरुषांनी टोप्या काढल्या, मान खाली घातली. मिनिट संपल्यावर लाडक्याने हळूच विचारलं, “कोण मेला?”

माहेर

एरवी तीन-चार दिवस चालणारं लग्न रमीने दोनात बसवलं, पण गाणं एकही गाळलं नाही.

सकाळी मी चंदीबरोबर प्लायवुडच्या झोपडीत बसले होते. नवरीकडची बाई मी एकटीच, म्हणून बहीण मी. हळद लावताना भिंत हलत होती, आणि प्रत्येक वेळी चंदी तिला हाताने धरायची. बाहेर ढोल-सनई सुरू झाली होती.

“तुझं लगीन किती दिवस चाललं?” तिने मला विचारलं.

“वीस मिनिटं. कचेरीत केलं होतं.”

“गाणं?”

“नाही.”

“चौक?”

“सही केली.”

तिने माझ्याकडे खऱ्या दयेने पाहिलं, आणि हळदीचं एक बोट माझ्या गालाला लावलं. “तुझंही राहिलंच म्हंजे.”

माझे यजमान आता नाहीत. बत्तीस वर्षांचा संसार आमचा नोंदणीकृत होता.

“माना भ्या वाटतं,” चंदी थोड्या वेळाने म्हणाली. “तीस वरसं त्याला रोज बघतो. आज बघायची लाज वाटते.”

निघायची वेळ झाली तशी रमी निनादसमोर उभी राहिली. नवरीला खांद्यावर घेऊन नाचत न्यायचं असतं, आणि ते नवरीकडच्याने करायचं असतं. सुतार टेम्पोबरोबर परतले होते आणि कॅमेरामनला कालच्या कालवणाने झोपवलं होतं, म्हणून नवरीकडे खांदा असलेला निनाद एकटाच उरला. आवाजवाला काठी सोडायला तयार नव्हता.

“पण मी शूट करतोय,” निनाद म्हणाला.

“ते पोरगी करेल,” रमी म्हणाली.

वैशालीने कॅमेऱ्यासाठी हात पुढे केला. त्याने क्षणभर तो छातीशी धरला. मग त्याने बाहेर पाहिलं. उधव्याचा सासरा चपला घालून, हाताची घडी घालून उभा होता, आणि नवरी माहेरून निघते की नाही हे बघत होता. निनादने कॅमेरा दिला.

चंदी हाडापेराने मजबूत बाई. निनाद मुंबईत व्यायामशाळेत जातो, असं त्याने सांगितलं होतं. तिथली वजनं बहुधा हसत नसावीत आणि नाचाच्या तालावर हलतही नसावीत. पाच पावलांवर तो झोपडीच्या आंब्याला टेकला, वीस पावलांवर अंगणातच उभा राहिला, आणि पाडा त्याच्याभोवती फेर धरून नाचायला लागला. पंचवीस पावलांचं अंतर त्याने तीन दमांत तोडलं. चंदी वरून त्याच्या डोक्यावर हात ठेवून ओरडत होती, “हळू रे भावा, हळू!”

मांडवात रमीचं गाणं सुरू झालं. लांब, एकसुरी, वळणावळणाचं. देवी कुठून निघाली, कोणत्या ओढ्यावर थांबली, कोणत्या झाडाखाली बसली, असं ते पुढे सरकत होतं. अर्ध्यावर आल्यावर वैशालीने डोळा कॅमेऱ्यावरून काढला. बॅटरी संपली होती. निनाद सवयीने उठला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, “कट! एक मिनिट, प्लीज थांबा.”

इथे मला माझ्या भाचीचं लग्न आठवल्याशिवाय राहिलं नाही. पुण्यात, दीड वर्षापूर्वी. फोटोग्राफरने भटजींना तीनदा थांबवलं, मंगळसूत्र दोनदा बांधून घेतलं आणि सप्तपदीचं चौथं पाऊल उजेड नीट नाही म्हणून पुन्हा टाकायला लावलं. भटजी प्रत्येक वेळी हसतमुखाने मागे आले. भाची नक्की कितव्या वेळी विवाहित झाली ते कोणालाच सांगता येणार नाही, आणि विचारावंसं आम्हां कोणाला वाटलंही नाही.

रमी थांबली नाही. गाणं तसंच चालू ठेवून तिने एका हाताने निनादला खाली बसवलं. ओळ संपल्यावर, श्वास घ्यायच्या जागेत, एवढंच म्हणाली, “देवी वाटेवर हाय. ऊन बघ. तिला मधेच उभी ठेवू?”

निनाद बसला. बॅटरी गाडीत होती, गाडी रस्त्याला होती. कोणी उठलं नाही. वैशालीने कॅमेरा मांडीवर ठेवला, आणि मग खिशातून स्वतःचा मोबाइल काढला. गाणं संपलं तेव्हा हिरवं कापड बाजूला झालं. भिंतीवर देवी होती, आणि खाली हळदीने पिवळे झालेले दोघं एकमेकांकडे न बघता बसले होते. लाडक्याला कोणीतरी विचारलं, “आता ऊन हाय काय?” तेव्हा सगळे हसले, आणि त्यांच्याबरोबर तोही. इतका वेळ ज्या हसण्याला तो भीत होता, ते हेच असावं.

उधव्याच्या सासऱ्याने पायातल्या चपला काढल्या आणि पंगतीला बसला.

जेवणं झाल्यावर निनाद दबकत रमीकडे गेला. उद्या सकाळी, चांगल्या उजेडात, मधला भाग परत करता येईल का? फक्त जवळून.

“कोणाचं?” रमी म्हणाली. “ह्यांचं झालं. तुझं असेल तर सांग. चौक अजून ताजा हाय.”

डहाणू

शेवटचा दिवस डहाणूला काढला. किनाऱ्यावर बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून. निनाद वाळूत पालथा पडला होता; त्याची कंबर धरली होती. एक मासेवाली त्याच्या कॅमेऱ्याकडे बघत थांबली.

“आमचा कधी काढनार?”

“तुम्ही आदिवासी आहात का?” निनादने विचारलं.

“नाय.”

“मग बजेटमध्ये नाही.”

“मंग ह्याला काय झालं?” तिने मला विचारलं.

“बहिणीचं लग्न होतं,” मी म्हणाले.

तिने टोपलीतून चार बोंबील काढून दिले आणि कंबरेला गरम मिठाचा शेक द्या म्हणून सांगितलं.

माहितीपट ठरल्या दिवशी पूर्ण झाला. बारा मिनिटांत लग्न नाही. मधलं दृश्य नाही म्हणून कंपनीने सगळाच भाग काढून टाकला. पीठ कालवणारे हात आहेत, गेरू आहे, आणि प्लायवुडच्या झोपडीवरून उगवणारा एक सूर्य आहे. निवेदनातलं ते ‘हरवत चाललेली’ मी बदलून पाठवलं होतं. कंपनीने मंजूर झालेलंच ठेवलं. एकदा त्यांच्या मुंबईच्या कार्यालयात गेले तेव्हा तो स्वागतकक्षातल्या पडद्यावर फिरत होता. आवाज बंद होता. स्वागतकक्षात तो नेहमीच बंद असतो, असं तिथल्या मुलीने सांगितलं. मला बरं वाटलं.

वैशालीने मोबाइलवर घेतलेलं आणि त्याला जोडलेले पाड्यातल्या बाकीच्या मोबाइलवरचे तुकडे मात्र दोन्ही तालुक्यांत सगळ्यांनी पाहिले आहेत. नाव साधंच आहे, ‘आईबाबांचं लगीन’. त्यात आम्ही पुष्कळ वेळ दिसतो. निनाद आंब्याला टेकलेला, मी गालावर हळद घेऊन उगाच गंभीर. खाली कोणीतरी लिहिलंय, ‘नवरीचा भाऊ कुठचा? दम नाय त्याला.’ त्यावर वैशालीचं उत्तर आहे, ‘मुंबईचा. पण आला.’

झोपडी तिथेच राहिली. न्यायला टेम्पो आला तेव्हा चंदीने नेऊ दिली नाही. माहेर कोणी उचलून नेतं का, असं तिने सुतारांना विचारलं. आता तिथे ती कोंबड्या ठेवते, आणि लाडक्याशी भांडण झालं की दुपारभर जाऊन बसते.

मेच्या सुरुवातीला वैशालीचा फोन आला. “मावशी, तारीख धरली. पावसाआधी. तू ये.”

पत्रिका मागून आली. त्यात ‘मामा’ या शब्दापुढे निनादचं नाव छापलेलं होतं, कंसात मुंबई. त्याच दिवशी त्याचा मला फोन. आवाज चिंतेचा. मैत्रीणही येते म्हणतेय, मामाने काय न्यायचं असतं, आणि कॅमेरा आणला तर चालेल का, एवढं विचारून सांगा म्हणाला.

मी वैशालीला विचारलं. तिच्या मागे भांड्यांचा आवाज होता, कोणीतरी जोरात हसत होतं, बहुधा चंदी.

“काय आणायचं नाय म्हणावं,” वैशाली म्हणाली. “नुसतं ये. पण हात मोकळे ठेवून ये. माझं वजन आईपेक्षा जास्त हाय.”